जहागीरदाराचे पाय

सशाला पाय चार, पण त्याचा सगळा भार मागच्या दोनांवर. बसतो तेव्हा नुसता पंजा टेकवत नाही, पंजापासून टाचेपर्यंतचा लांबच लांब तळवा जमिनीला लावून बसतो. आणि त्या तळव्याला मांजरासारखी गादी नसते, कुत्र्यासारखी नसते, फक्त केस असतात. केस झिजले की कातडं, कातडं फाटलं की हाड. हे मला कोणा मास्तराने शिकवलं नाही. सशाचा पाय मांडीवर घेऊन, रोज बघून बघून मी शिकलो, आणि आज या वयातही कोणी मला सशाच्या पायाबद्दल काही चुकीचं सांगायला लागला तर मी त्याला मध्येच थांबवतो. माझी नात म्हणते, "आजोबा, आप हर बात पे अड़ जाते हो." अडतो. अडलो नसतो तर हे लिहायला काही उरलंच नसतं. नातीला मराठी समजतं, बोलायला मात्र जीभ वळत नाही. हे तिच्यासाठी लिहितोय, तेव्हा मध्येमध्ये हिंदी घुसली तर घुसू दे. झाँशीतल्या आमच्यासारख्यांची मराठी अशीच आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही.

आमचं घर ओरछा गेटच्या आत, गल्लीच्या टोकाला. पुढे ओसरी, मध्ये उघडं अंगण, अंगणात विहीर, आणि सगळीकडे खाली दगडाच्या पाट्या. आमचे कोणी पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर हिशेब लिहायला म्हणून इकडे आले, त्यांना म्हणे दोन गावं मिळाली होती. गावं केव्हाच गेली. माझ्या वाट्याला आला तो नुसता तोरा, तो मात्र मी नीट सांभाळला. बाबा कचहरीत कारकून होते. आई कमी बोलायची. घर चालवायची ती अक्का, बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आली, आणि आल्या दिवशी तिने जो खराटा हातात घेतला तो अखेरपर्यंत सोडला नाही. बाबा तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणायचो, आत्या कोणी म्हटलंच नाही.

आमच्याकडे पहाट व्हायची ती पाण्याच्या आवाजाने. आधी विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, मग बादली दगडावर ठेवल्याचा ठण्ण आवाज, मग धाडकन पाणी, आणि त्या पाण्यामागून खराट्याची खर्रर्र खर्रर्र. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की अक्का आता तुळशीपाशी आली, आता न्हाणीपाशी, आता ओसरीच्या पायरीशी. दुपारी जेवणं झाली की परत पाणी, दिवेलागणीला परत. जेठात, झाँशीचा दगड तव्यासारखा तापतो तेव्हा, त्या ओल्या अंगणात पाय टाकण्यासारखं सुख नव्हतं. त्या ओलाव्यात अक्काच्या आमटीचा वास मिसळायचा. गोडा मसाला ती घरी कुटायची, आमटीत चिंच-गूळ घालायची, आणि शेजारची रामकली भाभी भिंतीवरून डोकावून रोज तोच प्रश्न विचारायची, "काए अक्का, दार में गुर काए डारतीं?" डाळीत गूळ कशाला, असं तिचं म्हणणं. अक्का मराठीतच उत्तर द्यायची, "तुझ्या त्या ताकात शिजवलेल्या आंबट महेरीपेक्षा बरा!" एक बुंदेलीत, एक मराठीत, दोघींचं भांडण वर्षानुवर्षं छान चाललं होतं.

ससा आला नगरा मोहल्ल्यातून. तिथे रेल्वेच्या क्वार्टरात बाबांच्या ओळखीचे एक ड्रायव्हर राहायचे, त्यांची बदली झाली होती. आम्ही निरोप द्यायला गेलो, तर सामान बांधलेलं, आणि व्हरांड्यात एक तारेचा पिंजरा. खालीसुद्धा तारच. त्या तारेवर हा पांढरा ससा मागचा एक पाय बाजूला फाकवून बसला होता, बैठकीत कोणी पाय लांब करून बसावं तसा. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "ले जाइए पंडितजी, जनम से लँगड़ा है, वहाँ कौन सँभालेगा. नहीं तो यहीं छोड़ जाएँगे." बाबा म्हणाले, "नको नको," आणि मी त्याच वेळी पिंजऱ्याचं दार उघडलं. उचलला तेव्हा त्याचे तळवे दिसले. दोन्हीकडचे केस गेलेले, खालचं कातडं लाल, मधोमध चट्टा. बाबांनी डोळे वटारले. मी ससा सदऱ्याच्या आत घातला आणि चालायला लागलो. नगऱ्यापासून घरापर्यंत त्याने माझ्या पोटावर काय काय केलं ते सांगत नाही, पण मी त्याला एकदाही खाली ठेवला नाही.

अक्का दारातच उभी होती. "हे काय? मांजर?"

"ससा."

"मग पळत का नाही?"

"पाय दुखतात त्याचे."

तिने वाकून बघितलं. मी पुढे कोथिंबिरीची काडी धरली होती. ससा जागचा हलला नाही, नुसती मान लांब करून त्याने काडी ओढून घेतली आणि चावायला लागला. अक्का म्हणाली, "बसल्या जागी खातोय. जहागीरदार आहे मेला!" झालं, बारसं झालं. रामकली भाभीच्या तोंडी त्याचा जागीरदार साब झाला. रोज कोबीचा पाला टाकताना ती भिंतीवरून हाक मारायची, "जागीरदार साब, हाजरी है!" बाबांना ते नाव आवडलं नव्हतं. आपल्या गेलेल्या गावांना कोणी हसतंय असं त्यांना वाटायचं.

त्याला जागा मिळाली न्हाणीच्या बाजूला, अंगणाच्या कोपऱ्यात. अक्काने अट घातली, घरात राहायचं तर स्वच्छ राहायचं. आणि खोटं कशाला बोलू, तिने त्याला जितकं स्वच्छ ठेवलं तितकं कोणी गाईलाही ठेवत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, अंगण धुताना तिची बादली जहागीरदाराच्या खालूनही फिरायची. मी त्याला उचलून धरायचो, ती पाणी मारायची, खराटा फिरवायची, मी त्याला परत ठेवायचो. वर त्याचे पायही धुवायचे, कारण जखम घाण राहायला नको. आम्हाला वाटायचं, काय सेवा चाललीय! आणि चट्टे वाढत होते. पावसाळा सुरू झाला, दगड सुकायचेच बंद झाले, कोपऱ्यात हिरवं शेवाळ धरलं. जहागीरदार आता पुढच्या दोन पायांवर शरीर ओढायचा, मागचे तळवे टेकवले की दातावर दात घासायचा. ससा ओरडत नाही. दात घासतो. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला कळणार नाही.

मी त्याला टोपलीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर एका म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. हात धुऊन आले, हसले, पण पाय नीट बघितले. लाल औषधाची बाटली दिली आणि म्हणाले, "साफ रखो, सूखा रखो." मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. अक्का म्हणाली, "साफ तर ठेवतोच आहोत. आणखी ठेवू." त्या दिवसापासून बादली चौथ्यांदाही फिरायला लागली, आणि वर फडक्याने एक हात पुसणं. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं, मी बरोबर पोचवलं होतं, अक्काने मनापासून केलं होतं. पण आमच्या घरात स्वच्छ म्हणजे ओलं. कोरडी वस्तू स्वच्छ असू शकते हे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

त्याच पावसाळ्यात मी शाळेत जायचं बंद केलं. जहागीरदाराला दिवसा एकटं ठेवलं तर कावळे यायचे, तो पळू शकायचा नाही. बाबांनी समजावलं, मारलं, दप्तर दारात नेऊन ठेवलं. मी दप्तराशेजारीच बसून राहिलो, मांडीवर ससा. शेवटी शाळेने नाव काढलं. लोक अजून म्हणतात, सशापायी याचं शिक्षण गेलं. गेलं तर गेलं. पुढे रेल्वेच्या कारखान्यात मी जे हात चालवले ते बघायला शिकलेले लोक यायचे, आणि ते हात मला त्या अंगणात मिळाले.

गणपती जवळ आले तसं बाबांचं मन फिरलं. आमच्या घरची आरती म्हणजे झाँशीतल्या सगळ्या मराठी घरांची आरती. कोण कोण यायचं, ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. आणि अंगणाच्या कोपऱ्यात हा जखमी प्राणी, त्याच्या पायांना वास यायला लागलेला. एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "मुन्नीलाल चिरगावहून केळीचे खांब घेऊन येतील. परत जाताना सशाला नेतील. मी बोललोय. त्यांचं शेत आहे, मोकळ्या हवेत राहील." मुन्नीलाल म्हणजे बाबांच्या कचहरीतल्या ओळखीचे शेतकरी, दर गणेश चतुर्थीच्या सकाळी पहिल्या बसने यायचे.

मी म्हटलं, "त्यांच्याकडे कुत्रे आहेत."

"शेतावर कुत्रे असणारच."

"मग कुत्र्याच्या पोटात कसली मोकळी हवा?"

बाबांचा हात उठला आणि माझ्या गालावर आला. आई ताटावरून उठून आत गेली. अक्काने माझ्या पानात भात वाढला आणि वर आमटी घातली, नेहमीपेक्षा जास्त. मी जेवलो. उपाशी राहून हट्ट करणारी पोरं वेगळी. मी पोटभर जेवून हट्ट करायचो, त्याने तो जास्त टिकतो.

आता ती दुपार. पाऊस थांबला होता, बाबा कचहरीत, आई आत झोपलेली. मी जहागीरदाराला घेऊन ओसरीत आलो तर खांबाच्या आडोशाला अक्का पाय लांब करून बसली होती. तिचे तळवे माझ्याकडे होते, आणि ते लाल होते. मेंदी! अक्काने मेंदी लावली होती. माझ्या वेळच्या बाईमाणसाला यात काय आहे ते लगेच कळेल. विधवेने मेंदी लावायची नाही, वासही घ्यायचा नाही. तिने चटकन लुगड्याचा काठ खाली ओढला.

"काय बघतोस?"

"तुला चिखल्या झाल्यात."

बोटांच्या बेचक्यांत पांढरं, भिजून फुगलेलं, चिरलेलं कातडं मी बघितलं होतं. तिने काठ परत वर केला. "दर पावसाळ्यात होतात. पाण्यात उभं राहून राहून. मेंदीने सुकतात. रामकली वाटून देते. औषध म्हणून लावते हो मी, कोणाला सांगायचं कारण नाही."

मी जहागीरदाराला उलटा करून तिच्या पायांशेजारी धरला. तिचा तळवा आणि त्याचा तळवा. भिजून फुगलेलं तसंच कातडं, कडा तशाच पांढऱ्या. मी म्हटलं, "अक्का, याला पण चिखल्याच झाल्यात. आपण दोघांनी केल्यात."

मी घाबरलो, मार बसेल म्हणून. अक्का बघत राहिली. एकदा त्याच्या पायांकडे, एकदा स्वतःच्या, एकदा अंगणाकडे. अंगण नुकतंच धुतलेलं, चकचकत होतं. मग म्हणाली, "हा बिचारा लुगडं ओढून झाकू पण शकत नाही." आणि वाटीत उरलेली मेंदी माझ्याकडे सरकवली. "चाटेल तो. पाय वाळेपर्यंत मांडीवर धरून ठेव. सोडलास तर बघ."

त्या दिवशी जहागीरदार न्हाणीजवळून उठला. कोरडी जागा घरात एकच, देवघराच्या भिंतीला लागून ओसरीचा कोपरा. पण तिथे काय अंथरायचं? सुती कापड चालायचं नाही, त्याला विटाळ होतो. आमच्याकडे लोकर आणि रेशीम तेवढं सोवळ्यातलं. अक्काची धाबळी, म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र, जुनी होऊन पेटीत पडली होती. मी म्हटलं, "धाबळी लोकरीची, ससाही लोकरीचाच. दोघं सोवळ्यातच आहेत." आईच्या तोंडून हसू फुटलं. अक्का रागावल्यासारखी आत गेली आणि धाबळी घेऊन बाहेर आली. "शास्त्र शिकवतोय मला, सहावीतून पळालेला!" खाली रामकली भाभीकडच्या सुक्या गवताचा थर, वर धाबळी, आणि वर आमचे जहागीरदार. गवत ओलं झालं की लगेच बदलायचं. पाणी म्हणून घालायचं नाही. ओसरीचा तेवढा तुकडा अक्का फडक्याने पुसून सोडायला लागली, पण तिचा खराटा तिथवर येऊन अडखळायचा तो आवाज मी अंथरुणातून ओळखायचो.

बाकी सगळं मी केलं. नखं वाढून वाकली होती, त्यामुळे पंजा वर उचलला जाऊन सगळा भार टाचेवर जायचा. घरी येणाऱ्या न्हाव्याकडून त्याचं नखं काढायचं हत्यार मागून घेतलं. सशाचं नख उजेडात धरलं की आत गुलाबी रेघ दिसते, ती रेघ संपते त्याच्या पुढेच कापायचं. एकदा चुकलं, रक्त आलं, माझंच बोट मी तिथे दाबून बसलो. मग बाबांचा जुना पंचा घेतला, त्याच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं वर धरली, आणि त्याला उभा केला. पंच्याच्या झोळीत त्याचं वजन मी घ्यायचं आणि त्याने पाय नुसते टेकवायचे. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघं चालायचो. मी कमरेतून वाकलेला, तो झोळीत. फाकलेला पाय मी बोटाने आत लोटायचा, तो परत बाहेर जायचा, मी परत लोटायचा. पाय हट्टी होता. पण त्याची गाठ माझ्याशी होती.

चट्टे सुकायला लागले. वास गेला. मेंदीने त्याचे पांढरे पाय विटेसारखे लाल झाले, आणि रामकली भाभी भिंतीवरून बघून ओरडली, "ए दइया! जागीरदार साब तो दुलैया बन गए! ब्याव कबै है?" नवरी झाला, म्हणे! अक्काने पदर तोंडाला लावला. मी तिला हसताना बघितलं असं फार कमी वेळा झालं, म्हणून हे लिहून ठेवतो. बाबा येता-जाता बघायचे. मुन्नीलालांना नको म्हणून निरोप काही त्यांनी धाडला नाही, आणि मी मागितला नाही. मागायचं आणि त्यांनी नाही म्हणायचं, त्यापेक्षा दाखवायचं. पण एक गोष्ट मला माहीत होती आणि कोणालाच सांगितली नव्हती. पंच्याशिवाय जहागीरदार अजून एकदाही चालला नव्हता. पंचा सोडला की तो बसायचा, बसला की जागचा हलायचा नाही.

चतुर्थीच्या पहाटे जाग आली तर रहाटाचा आवाज नव्हता. बादली नाही, खराटा नाही. मला वाटलं अक्का आजारी पडली. उठून बाहेर आलो. रात्री सर येऊन गेली होती, अंगण भिजलेलं, आणि अक्का गुडघे टेकून, हातात फडकं घेऊन एकेक दगड कोरडा करत होती. पुसायची, फडकं पिळायची, परत पुसायची. तुळशीपासून न्हाणीपर्यंत अर्धं अंगण सुकलं होतं. आई दारात उभी राहून बघत होती.

"वन्सं, आज चतुर्थी. अंगण धुवायचं ना?"

"झाडलंय. पुरे."

"पण देव बसायचेत..."

"देव पाटावर बसतात गं, अंगणात बसत नाहीत. तू दूर्वा निवड."

मी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्याशेजारी बसलो. उरलेलं अर्धं अंगण आम्ही दोघांनी पुसलं.

मुन्नीलाल आले, खांद्यावर केळीचे खांब, हातात झाकणाची टोपली. टोपली बरोबर एका सशाच्या मापाची. बाबा आंघोळ करून रेशमी कद नेसून बाहेर आले होते, मूर्ती ओसरीत रुमालाखाली झाकलेली, आई अंगणाच्या पलीकडच्या कडेला पितळी परात घेऊन दूर्वांच्या जुड्या बांधत होती. मुन्नीलालांनी टोपली खाली ठेवली तसा मी जाऊन तिच्यावर बसलो.

"ऊठ, विन्या," बाबा म्हणाले.

"नाही."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको. ऊठ."

"तो बरा झालाय. मग का पाठवायचा?"

बाबांचा आवाज चढला. "बरा झालाय? चालतो तो? फडक्यात लटकवून नाचवतोस त्याला चालणं म्हणतात? एक पाऊल स्वतःचं टाकतो का?"

"टाकतो."

"दाखव."

मुन्नीलाल बिचारे अवघडले. "अरे पंडितजी, रहन दो, त्योहार को दिन..." पण बाबा हलले नाहीत आणि मीही आता मागे फिरणार नव्हतो. जहागीरदाराला आणला, अंगणाच्या मधोमध ठेवला, आणि पंचा काढून खांद्यावर टाकला. रिकामे हात पाठीमागे बांधले.

तो बसला. नाक हलवत, कान मागे पाडून, नेहमीसारखा. बाबा बघतायत, मुन्नीलाल बघतायत, रामकली भाभी भिंतीवर. मी खाली बसलो नाही, चुचकारलं नाही, काडी दाखवली नाही. जायचं तर त्याने स्वतः जायला हवं होतं. बाबांनी हळूच मान हलवली आणि टोपलीकडे हात केला. तेवढ्यात एक कान उभा राहिला. मग दुसरा. त्याने पुढचे पाय लांब टाकले, मागचे दोन्ही तळवे दगडाला लावले, आणि अंग उचललं. दात घासले नाहीत. मी कान देऊन ऐकत होतो, नाही घासले. एक उडी, वाकडी, डाव्या अंगाला झुकलेली. थांबला. दुसरी. फाकलेला पाय बाहेर गेला आणि त्याने तो स्वतः आत ओढला. मी लोटला नाही, त्याने ओढला. मग थांबलाच नाही. लाल तळवे दाखवत, लंगडत, हेलपाटत सगळं अंगण ओलांडून तो थेट आईसमोर गेला आणि परातीत तोंड घातलं.

गणपतीच्या दूर्वा! कोवळ्या, निवडलेल्या, धुतलेल्या, जुड्या बांधून झालेल्या. आईचे हात तसेच हवेत राहिले. जहागीरदार दोऱ्यासकट खात होता.

"शिव शिव! उष्ट्या केल्या सगळ्या," बाबा ओरडले. "आता देवाला काय वाहायचं?"

अक्का ओसरीच्या पायरीवर बसली होती, पुसून पुसून लाल झालेले गुडघे चोळत. म्हणाली, "उंदीर बसतो देवाच्या पायाशी, लाडू खातो. त्याला तर कोणी चिरगावला धाडलं नाही."

मुन्नीलाल इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग उठून त्यांनी रिकामी टोपली उचलली. "पंडितजी, हमाई टुकरिया में जे नईं समाएँगे. जे तो अपने पाँवन चलत."

सोवळ्यातल्या माणसाने घराबाहेर जायचं नसतं, कोणाचा स्पर्श व्हायला नको. पण दूर्वा हव्या होत्या, आणि ओवळ्या माणसाच्या हातच्या चालणार नव्हत्या. म्हणून बाबा तसेच कद नेसून, अनवाणी, ओरछा गेटबाहेरच्या माळाकडे निघाले. रामकली भाभी नंतर सांगायची, गल्लीतल्या लोकांनी विचारलं, "पंडितजी, इस वेश में कहाँ?" तर म्हणाले, "घास लेने." बराच वेळ गेला. मूर्ती रुमालाखाली तशीच. आमच्या घरी त्या वर्षी गणपती उशिरा बसले, आणि त्यामागचं कारण अंगणात पसरून दोरे चघळत होतं.

बाबा परत आले तेव्हा कदाचा काठ चिखलाने भरला होता आणि ओंजळीत मावणार नाहीत इतक्या दूर्वा होत्या. त्यांनी त्या आईसमोरच्या धुतलेल्या परातीत ठेवल्या. हातात एक मूठ ठेवून घेतली होती. जरा उभे राहिले, मुन्नीलालांकडे बघितलं, अक्काकडे बघितलं नाही, आणि ती मूठ जहागीरदाराच्या पुढ्यात टाकली. मग माझ्याकडे वळून, अगदी कचहरीतल्या आवाजात म्हणाले, "बघतोस काय? आरतीला गर्दी होईल, कोणाचा तरी पाय पडेल त्याच्यावर. उचल त्याला आणि ओसरीत ने."

मी जागचा हललो नाही. म्हटलं, "उचलायचं कशाला? चालत येईल तो."